चांदूर बाजारातून दिसणारी आयडिया

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, एक रेल्वेचं आणि एक बाजाराचं. बाहेरच्या माणसाची गल्लत होतेच. आता नरखेड मार्गामुळे बाजाराच्या चांदुरालाही स्टेशन आलं, म्हणजे ती पुढेही होत राहणार. या पुस्तकातली प्रकरणं बाजाराच्या चांदूरवर उभी आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, संत्र्याच्या बागा, कापूस, सोयाबीन, तूर, उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशी बहिरम असा हा तालुका. एका मोबाइल कंपनीचा अभ्यास इथून कशाला करायचा, असं कुणीही विचारेल. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय गांधीनगरला, सूत्रं मुंबईतून हलणार, ताळेबंद लंडनपर्यंत वाचला जाणार. पण टॉवर उभा आहे तो ब्राह्मणवाडा थडीच्या, शिरजगाव कसब्याच्या, करजगावच्या शिवारात, आणि रिचार्जचे पैसे निघतात ते इथल्या माणसाच्या खिशातून. कंपनीची व्यूहरचना मुंबईत ठरत असेल. ती लागू पडली की नाही, हे तालुक्यात कळतं.

कंपनी निवडली आयडिया, म्हणजे आजची व्होडाफोन आयडिया. निवड सोपी होती. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी मोबाइल सेवेचे परवाने सर्कलनिहाय दिले गेले. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट एक सर्कल. त्या सर्कलमध्ये सुरुवातीलाच उतरलेल्या दोन खासगी कंपन्यांपैकी एक होती बिर्ला एटी अँड टी. १९९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९९७ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातेत सेवा सुरू झाली. पुढे टाटा सेल्युलर तिच्यात मिसळली, २००१ मध्ये मध्य प्रदेशातली आरपीजी सेलकॉम तिने घेतली, २००२ मध्ये ‘आयडिया’ हे नाव आलं. एटी अँड टी २००५ मध्ये आणि टाटा २००६ मध्ये बाहेर पडले, आणि २००७ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही तिची भक्कम सर्कल. चांदूर बाजार तालुका नेमका या दोन सर्कलच्या सीमेवर येतो. डोंगर ओलांडला की बैतूल जिल्हा. सीमेवरच्या गावात घरात उभं राहिलं की महाराष्ट्राचा टॉवर आणि अंगणात आलं की पलीकडचा, आणि त्या काळी अंगणात घेतलेल्या फोनला रोमिंग लागायचं. सर्कल ही कागदावरची रेघ गिऱ्हाइकाच्या खिशात कशी उतरते, याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात सापडलं नव्हतं.

वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अशा अभ्यासाला बसले की आधी चौकटी आखतात. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांची एक; राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर आणि पर्यावरणीय घटकांची दुसरी; आणि मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पाच शक्तींची तिसरी. चौकटी वाईट नाहीत. त्या भरायला सोप्या आहेत, हाच त्यांचा दोष. ‘सरकारी धोरण’ हे राजकीय रकान्यात एका ओळीत लिहिलं की विद्यार्थी पुढं सरकतो. प्रत्यक्षात या धंद्याचा सगळ्यात महाग कच्चा माल म्हणजे रेडिओलहरींची जागा, ज्याला सगळे स्पेक्ट्रमच म्हणतात. तो विकणारा एकच, सरकार. परवाना देणारं सरकार, परवान्यापोटी उत्पन्नात वाटा घेणारं सरकार, बीएसएनएलच्या रूपानं शेजारीच दुकान मांडून बसलेलं सरकार. पोर्टर यांच्या पाच शक्तींत पुरवठादार, प्रतिस्पर्धी, नवा येणारा असे वेगवेगळे पक्ष गृहीत आहेत. इथं त्यातले दोन-तीन पक्ष एकाच खुर्चीवर बसलेले आहेत. या पुस्तकाचं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे, आणि त्याचा पुरावा ताळेबंदाइतकाच शिवारातही सापडतो.

आधी शिवार पाहू. रस्त्यावरून जाताना टॉवर दिसतो तो लोखंडी सांगाडा. त्याच्या पायथ्याशी जाळीचं कुंपण, आत विजेचं मीटर, बॅटऱ्यांची कपाटं, डिझेल जनरेटर, कुंपणाच्या फाटकावर साइटचा क्रमांक आणि किरणोत्सर्गाच्या इशाऱ्याची पाटी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि शिशाच्या बॅटरीला उष्णतेचं वावडं. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे पुण्याच्या हवेत जी बॅटरी पुरते ती इथं पुरत नाही. त्यात भारनियमन. राज्यात टंचाईची वर्षं होती तेव्हा खेड्यात बारा-बारा तास वीज नसे आणि टॉवर डिझेलवर चाले. डिझेल आणायचं, ओतायचं, चोरीपासून राखायचं आणि त्याचा हिशेब ठेवायचा, ही एका मोबाइल कंपनीच्या ग्रामीण खर्चाची खरी यादी. दूरसंचार विभागानं जानेवारी २०१२ मध्ये ग्रामीण भागातले निम्मे टॉवर २०१५ पर्यंत सौर किंवा तत्सम मिश्र ऊर्जेवर न्यावेत असे निर्देश दिले, ते धुरामुळे आणि परकीय चलनामुळेही. कंपन्यांना मात्र त्यातलं गणित आधीच कळलेलं होतं. डिझेलवरचा टॉवर चालवायचा तर त्याच्याखाली बोलणारी माणसं पुरेशी हवीत, आणि खेड्यात ती शहराइतकी नसतात.

उत्तर म्हणून कंपन्यांनी टॉवर वाटून घेतले. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स उभी केली. एकाच सांगाड्यावर तिघांचे अँटेना, खर्च विभागलेला. व्यूहरचना म्हणून हा निर्णय मला आजही उत्तम वाटतो. पण नोव्हेंबर २०२० मध्ये इंडसचं भारती इन्फ्राटेलमध्ये विलीनीकरण झालं तेव्हा व्होडाफोन आयडियानं आपला ११.१५ टक्के हिस्सा ३,७६० कोटी रुपयांना सोडून दिला, कारण तेव्हा हातात रोकड हवी होती. ज्या घरात भागीदारी होती त्याच घरात कंपनी नुसती भाडेकरू झाली, आणि भाडंही थकवू लागली.

गावाच्या बाजूनं टॉवरचं अर्थकारण वेगळंच आहे. ज्याच्या शेतात टॉवर, त्याला दरमहा भाडं. ओलिताची सोय नसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे पीक कधी बुडत नाही. ग्रामपंचायतीला कर मिळतो. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. किरणोत्सर्गाची भीतीही आहे. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली आहे, तरी तक्रारी येतातच. भाडं शेजाऱ्याला सुरू झालं की ही भीती जरा जास्त वाटू लागते, असंही दिसतं. आणि या भाड्याच्या आशेवर पोसलेली फसवणूक आहे. ‘तुमच्या शेतात टॉवर मंजूर झाला, नोंदणीचे एवढे भरा’ असा फोन, सोबत ट्राय या दूरसंचार नियामकाचं खोटं पत्र. टॉवर उभारणीसाठी आपण कसलंही ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, असं ट्राय पुन्हा पुन्हा जाहीर करतं. तरी माणसं पैसे भरतात.

आता गिऱ्हाईक. १९९५ मध्ये देशात पहिला मोबाइल फोन लागला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ मध्ये फोन करणाऱ्यानंच पैसे द्यायची पद्धत आली आणि मोबाइल शेतकऱ्याच्या हातात आला. येणारा फोन फुकट, जाणाऱ्याला मिस्ड कॉल. आयडियाची ताकद याच माणसावर उभी होती. दहा रुपयांचं रिचार्ज विकणारा पानठेलेवाला, किराणावाला, बसस्टँडवरचा झेरॉक्सवाला ही तिची फौज, आणि ९०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम ही तिची मालमत्ता. या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात, त्यामुळे कमी टॉवरमध्ये जास्त गावं येतात. तालुक्यातली विखुरलेली वस्ती आणि ९०० मेगाहर्ट्झ हे जुळून आलेलं लग्न होतं.

पण वऱ्हाडातला पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन निघालं की येतो, कापसाच्या वेच्यांबरोबर येतो, आंबिया आणि मृगाच्या संत्र्याच्या सौद्याला येतो, आणि मध्ये कोरडे महिने असतात. त्या महिन्यांत दुकानदाराला सांगणं असतं, “बाकी काही नको भाऊ, सिम चालू राह्यलं पाह्यजे, एवढंच मार.” २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानं किमान रिचार्ज सुरू केलं. ३५ रुपये, २८ दिवस. न भरल्यास आधी जाणारे आणि मग येणारे फोन बंद. कागदावर निर्णय बरोबर होता. ज्या गिऱ्हाइकाकडून काही मिळत नाही ते सांभाळण्यात अर्थ नाही आणि दरडोई उत्पन्न वाढलं पाहिजे. तालुक्यात त्याचा अर्थ असा झाला की पंधरा वर्षं कमावलेला ‘येणारा फोन’ वाला माणूस एका फटक्यात परका झाला. दुसरं सिम खिशात होतंच. मला हा निर्णय कंपनीची सगळ्यात महागडी चूक वाटतो. प्रकरण तीनमध्ये त्याचा बचावही दिला आहे, वाचकानं आपलं मत करावं.

माणसाची गरजही मधल्या काळात बदलली. आज त्याला सिम लागतं ते बोलण्यापेक्षा ओटीपीसाठी जास्त. पीएम-किसानची केवायसी, बँक, रेशन, सगळीकडे ओटीपी. राज्यात ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे पिकाचा फोटो बांधावर उभं राहून ॲपमध्ये टाकायचा. २०२५ च्या खरिपाआधी अतिवृष्टीनं पीक गेलं तर पीक विम्यासाठी ७२ तासांत कळवावंही लागे. मोबाइल कंपन्यांनी जाळं विणलं ते गावठाणासाठी; मागणी आता वावरात आहे. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट नको असलेल्यांसाठी नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि पॅकची मुदत वर्षापर्यंत नेण्याची मुभा दिली. तालुक्यातल्या दुकानदाराला हे आधीच माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

जिओचा अध्याय वाचकाला ठाऊक आहे, म्हणून इथं थोडक्यात. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली, ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट. आयडियानं याआधीच, मार्च २०१५ च्या लिलावात, स्वतःचाच ९०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम परत मिळवण्यासाठी आणि इतर पट्ट्यांसाठी मिळून सुमारे ३०,३०० कोटी रुपयांची बोली लावलेली होती. जुन्या परवान्यांची मुदत संपत आली होती, आणि तो स्पेक्ट्रम गेला असता तर कंपनीच गेली असती. जो पैसा ४जीच्या यंत्रणेत जायला हवा होता तो जुनी जागा राखण्यात गेला. मार्च २०१७ मध्ये व्होडाफोनशी विलीनीकरणाची घोषणा झाली, ३१ ऑगस्ट २०१८ ला ते पूर्ण झालं. त्या दिवशी कंपनीकडे ४० कोटींहून अधिक ग्राहक होते आणि ती देशातली सगळ्यात मोठी होती. मार्च २०२५ अखेर ते २० कोटींच्या आत आले. दोन घरं एकत्र करण्यात जे महिने गेले त्या महिन्यांत समोरचा नुसता टॉवर उभारत होता. ‘व्हॉट ॲन आयडिया, सरजी’ हे वाक्य घरोघरी पोचवणाऱ्या कंपनीला आपलं जुनं नावही ठेवता आलं नाही. सप्टेंबर २०२० पासून बाजारात ती ‘व्ही’ आहे, आणि तालुक्यातले लोक तिला अजून आयडियाच म्हणतात.

याहून मोठा घाव न्यायालयातून आला. १९९५ च्या परवान्यांत ठरावीक रक्कम भरायची होती. कंपन्यांना ती झेपेना, म्हणून १९९९ च्या धोरणात उत्पन्नातला वाटा द्यायचं ठरलं. कोणतं उत्पन्न, यावर भांडण लागलं ते जवळपास दोन दशकं चाललं. सरकारचं म्हणणं, कंपनीला आलेलं सगळं उत्पन्न: व्याज, लाभांश, भाडं, भंगाराची विक्रीसुद्धा. कंपन्यांचं म्हणणं, फक्त दूरसंचार सेवेचं. चांदूर बाजारच्या वाचकाला हे एका उदाहरणानं कळेल. अडत्यानं शेतमालाच्या उलाढालीवर बाजार समितीला सेस भरावा, यावर वाद नाही. पण त्यानं फाटकं बारदान विकलं, दुकानाचा माळा भाड्यानं दिला आणि बँकेतल्या ठेवीवर व्याज घेतलं, त्या सगळ्यावर सेस मागितला, तोही पंधरा वर्षांचा, व्याज, दंड आणि दंडावरच्या व्याजासह, तर? २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारची व्याख्या मान्य केली. दूरसंचार विभागाच्या हिशेबानं व्होडाफोन आयडियाकडे ५८,२५४ कोटी रुपये निघत होते, कंपनीच्या हिशेबानं २१,५३३ कोटी.

कंपनीची बाजू पूर्ण निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. करार सही करून घेतलेला होता, आणि वाद चालू असताना शहाणा व्यापारी रक्कम बाजूला काढून ठेवतो. पण सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारनंच दूरसंचाराबाहेरचं उत्पन्न यापुढे वगळण्याचा निर्णय घेतला. म्हणजे व्याख्येत खोट होती हे मान्य झालं. जुनी बाकी मात्र तशीच राहिली.

ती बाकी फेडता येईना तेव्हा सरकारनं शेअर घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्याजाच्या १६,१३३ कोटींच्या बदल्यात सुमारे एक तृतीयांश हिस्सा. एप्रिल २०२५ मध्ये स्पेक्ट्रमच्या थकबाकीचे ३६,९५० कोटी शेअरमध्ये बदलले आणि हिस्सा ४८.९९ टक्के झाला. प्रवर्तक बिर्ला आणि व्होडाफोनच राहिले, कारभारही त्यांचाच. तिकडे बीएसएनएलला २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये मदतीच्या तीन मोठ्या रकमा मिळाल्या, ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले, स्पेक्ट्रम लिलावाशिवाय मिळाला, आणि स्वदेशी ४जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. जिओनंतर नऊ वर्षांनी! जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनेकांनी बीएसएनएलकडे नंबर वळवला. एका सरकारी कंपनीकडे गिऱ्हाईक गेलं की दुसऱ्या, जवळपास निम्म्या सरकारी, कंपनीचं नुकसान होतं. अशी स्पर्धा पाठ्यपुस्तकात नाही.

बाजार जिथं जातच नाही त्या भागासाठी चांदूर बाजारहून फार लांब जावं लागत नाही. शेजारी चिखलदरा, त्यापलीकडे धारणी, म्हणजेच मेळघाट. डोंगर, व्याघ्र प्रकल्पाच्या परवानग्या, पातळ वस्ती. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टच्या नावानं देशभर डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच गावाचे व्हिडिओ दाखवून दावे खोटे असल्याचा आरोप केला. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. खासगी कंपनीच्या उत्पन्नातून दुर्गम भागासाठी ५ टक्के निधी २००२ पासून कापला जातो. मेळघाटाकडे पाहून त्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क चांदूर बाजारच्या रिचार्जवाल्यालाही आहे, कारण तो निधी त्याच्याच रिचार्जमधून निघतो.

पुस्तकात पाच प्रकरणं आहेत. पहिलं परवान्यांचं, दुसरं टॉवरच्या खर्चाचं, तिसरं रिचार्जच्या दुकानाचं, चौथं थकबाकीच्या खटल्याचं आणि पाचवं मेळघाटाचं. आकड्यांचा कंटाळा असलेल्यांनी थेट दुसऱ्या-तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही. चौथं मात्र गाळू नये. विद्यार्थ्यांनी चौकटी भराव्यात, पण त्याआधी आपल्या गावातल्या टॉवरच्या फाटकावरची पाटी वाचून यावी, त्यावर कोणाकोणाचे अँटेना आहेत ते पाहावं आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: सगळ्यात जास्त कोणतं रिचार्ज खपतं, आणि कोणत्या महिन्यात खपत नाही. त्यांची उत्तरं या पुस्तकाशी जुळली नाहीत, तर ती आम्हाला जरूर कळवावीत.